तुमच्या भागातला एखादा जुना, लाडका बँड प्रत्यक्ष वाजताना ऐकला आहे का? अनुभव कसा होता?

ऐकलाय, पण स्टेजवर नाही, रस्त्यावर. आमच्या खान्देशात बँड म्हटलं की गिटारवाली पोरं डोळ्यांपुढे येत नाहीत. लाल कोट, क्लॅरिनेट, ट्रंपेट, साइड ड्रम, खुळखुळा, आणि मागून ढकलगाडीवर भोंगे नि जनरेटर. मी सांगतोय तो बँड आमच्या शेजारच्या गावचा. आईवडिलांच्या लग्नात तोच, दोन्ही काकांच्या लग्नात तोच. माझ्या लग्नात सासरच्यांनी डीजे आणला, ते दुःख वेगळं.

गेल्या श्रावणात कानबाईला गावी गेलो होतो. धुळे तालुका, पांझरेच्या काठी. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो: नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई ही आमची देवी बसते, नारळाला नथ-डोळे लावून, साडी नेसवून. रात्रभर जागरण, प्रसादाच्या रोटांचा बेत, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. सुरत, पुणे, नाशिककडे गेलेली भाऊबंदकी त्या दोन दिवसांत परत येते. घरात पाय ठेवायला जागा उरत नाही.

आता अडचण अशी, की विसर्जनाचा सोमवार सगळ्या खान्देशात एकच. लग्नांच्या तिथी वेगवेगळ्या असतात, बँड आज इथे वाजवतो, उद्या तिथे. कानबाईला मात्र प्रत्येक गावाला तोच बँड त्याच सकाळी हवा. त्यात चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणजे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कमाई काय ती कानबाई आणि गणपतीची. बाकी दिवस ही मंडळी शेतावर मजुरीला जातात. म्हणून बँडचे मास्तर, म्हणजे क्लॅरिनेट वाजवणारे म्होरके, एका सकाळी दोन गावं घेतात, आणि आमचा नंबर पहिला असल्यामुळे सूर्य उगवायच्या आत दारात हजर.

खरं सांगतो, पहिली पंधरा मिनिटं माझा मूड गेला. लहानपणी सहा-सात ट्रंपेट मोजायचो, आता दोन. मध्ये कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घुसलेले. भोंग्यांपुढे उभं राहिलं तर क्लॅरिनेट ऐकूच येत नव्हती, नुसता ठोका छातीत. पुढे नाचणाऱ्या पोरांना त्याचं काही नव्हतं. यूट्यूबवरची चालू अहिराणी गाणी वाजत होती आणि त्यांना तेच हवं होतं.

मग मी गर्दीतून निघून मास्तरांच्या डाव्या हाताला, भिंतीच्या कडेने चालायला लागलो. तिथे वेगळाच कार्यक्रम चालू होता. गाण्याच्या चार ओळी, बस्स, पण दर फेरीला ते काहीतरी निराळं करत होते. कधी भोक पूर्ण न झाकता बोट सरकवून सूर ओढत होते, आमच्या बाया कानबाईचं गाणं म्हणताना शेवटचा शब्द ओढतात ना, अगदी तसा. कधी एकदम वरच्या पट्टीत जाऊन तिथेच थांबायचे आणि ड्रमवाला एकटा वाट बघत राहायचा. वय सत्तरीच्या पुढे. वरचे दात गेलेत, कवळी आहे. क्लॅरिनेटला वरचे दात माउथपीसवर टेकावे लागतात, त्यामुळे कवळी बसवल्यावर सहा महिने सूर फाटत होता, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

पण माझं लक्ष खरं गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. चौकात पोरं रंगात आलेली, कुणी नोटा ओवाळतंय, आणि मास्तरांनी एकदम हात वर करून चाल बदलली. नाचाची गेली, चालण्याची आली. पोरं ओरडली, "ओ मास्तर, काय करता!" पण मिरवणूक पन्नास पावलं पुढे सरकली. पुढच्या दारी बायका ओवाळायला उभ्या होत्या, तिथे पुन्हा नाच. असं तीन-चारदा झालं. मला कळेना, हे ठरवतात कशावरून? बक्षिशी तर चौकातच जास्त पडत होती.

नदीवर विचारलं. क्लॅरिनेट पुसत म्हणाले, "भो, मी नाचणारा नही देखत. मी डोकावरनी कानबाई देखस."

म्हणजे बँडचा मास्तर पूर्ण वेळ बघत होता माझ्या काकूकडे. पाटासकट कानबाई तिच्या डोक्यावर, वय साठ, रात्रभर जागलेली. तिचा हात पाटाच्या कडेवरून सरकला की चाल बदलायची. कुणाच्या दारात ती खाली टेकवली, ओवाळणी सुरू झाली, की मग पोरांना हवं ते. नंतर काकूला विचारलं तर तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. म्हणाली, यंदा मान फारशी दुखली नाही, देवीची कृपा.

मी स्वतः मोबाइलवर त्या सकाळचं अर्धा तास चित्रीकरण केलंय. त्यात भोंगे आहेत, पोरं आहेत, मास्तरांची पाठ आहे. काकू कुठेच नाही. त्यामुळे हा बँड ऑनलाइन ऐकून मत बनवू नका. प्रत्यक्ष गेलात तर भोंग्यांच्या पुढे उभं राहू नका, क्लॅरिनेटच्या बाजूने चाला.

एक जुनी चाल ऐकायची राहिली. मी फर्माईश केली तेव्हा गाडीवाला हॉर्न देत होता, दुसऱ्या गावची कानबाई खोळंबली होती. रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, म्हणून आईने त्यांच्यासाठी वेगळ्या पुऱ्या आणि गंगाफळाची भाजी बांधली होती. डबे गाडीत गेले. वडिलांनी पुढच्या श्रावणाचा विसार तिथेच, ओल्या हाताने, मास्तरांच्या खिशात कोंबला.