साइटचं गणित बरोबर आहे, पण त्यावर पुढचं तिकीट काढू नका

तुमचा प्रश्न वाचून हसावं की रडावं कळेना, डिट्टो मीच! तुम्ही विचारलंय, विमानाचे तास मोजणारी साइट म्हणते लंडनचं हीथ्रो ते सॅन फ्रान्सिस्को 8,600 किमी, ताशी 900च्या स्पीडने साडेनऊ तास, मग तिकिटावर जाताना 11 तास आणि येताना साडेदहाच कसे, कोण चुकतंय. कोणीच नाही. साइट नुसता भागाकार करते. तिकिटावर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचा वेळ असतो, त्यात रनवेची रांगही आली, आणि वर जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा जोराचा वारा) पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणजे जाताना तोंडावर वारा, येताना पाठीवर. विमान ग्रीनलँडच्या बाजूने का जातं विचारलंय, तर पृथ्वी गोल आहे, तोच जवळचा रस्ता :)

खरी भीती मला तुमच्या शेवटच्या ओळीची वाटली, "पुढचं तिकीट वेगळं काढून ठेवतोय", म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून पुढच्या विमानाचं.

मी हेच केलं होतं, मार्चमध्ये. लंडनहून सकाळी 11ला निघायचं एवढंच ठरलेलं, सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचं मेन तिकीट हातात यायचं होतं. मी हुशारी केली, साडेनऊ तास मिळवले, दोन्हीकडच्या घड्याळांतल्या फरकाचे 8 तास वजा केले, दुपारी 12:30ला पोचणार, म्हणून तिथून पुढे 15:00चं सिएटलचं जाण्यायेण्याचं नॉन-रिफंडेबल काढून मोकळी. मग मेन तिकीट आलं, पोचायची वेळ 15:10. मला आधी वाटलं टायपिंगची चूक आहे. नव्हती. एक तास चाळीस मिनिटं वाऱ्याने आणि रांगांनी खाल्ली, एक तास घड्याळाने, कारण अमेरिकेची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनची शेवटच्या रविवारी, मधल्या दिवसांत फरक 7च तास असतो.

इथवर चूक माझीच. पण ज्या पोर्टलवरून काढलं त्यांच्या हेल्पलाइनला फोन केला (नाव नाही घेत) तर ते म्हणे एअरलाइनला विचारा, एअरलाइन म्हणे पोर्टलला, तिसऱ्या फोनला एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं की मॅडम जाण्याचं वाया जाईल पण येण्याचं चालू राहील. मी मान डोलावली, जाण्याचं नवीन काढलं. चार दिवसांनी सिएटलच्या काउंटरवर तो मुलगा स्क्रीन बघतोय, पासपोर्ट बघतोय, परत स्क्रीन. नावच नाही! पहिल्या लेगला (टप्प्याला) नो-शो झालं, म्हणजे प्रवासी आलाच नाही, की बहुतेक एअरलाइन पुढचं सगळं रद्द करतात, हे त्या बाईंना माहीत नसावं? पुन्हा फोन केला तर "तसं लेखी आहे का तुमच्याकडे?" नव्हतं. आजही आठवलं की डोकं तापतं.

त्यामुळे माझं मत, पटलं तर घ्या, मी काही ट्रॅव्हल एजंट नाही आणि नियम एअरलाइनप्रमाणे बदलतात: शक्यतो सगळं एकाच बुकिंगमध्ये काढा, उशीर झाला तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची. वेगळंच काढायचं असेल तर आधी पोचायची छापील वेळ बघा आणि वर किमान चार तास ठेवा, अमेरिकेत उतरल्या ठिकाणीच इमिग्रेशन आणि बॅग घेऊन परत टाकणं असतं. हेल्पलाइनशी बोलणं झालं की लगेच मेलवर लेखी मागा.

आणि जुन्या पोस्टमधले प्रवासाचे तास धरू नका. हेलसिंकी ते टोकियो अंतर तेवढंच आहे, पण 2022मध्ये युरोपच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झाल्यावर साडेनऊ तासांचे 13च्या आसपास झाले.

तुम्ही तारीख लिहिली नाहीये, मार्च किंवा ऑक्टोबरचा शेवट आहे का? टाका इथे, बघून सांगते.