सॅक देऊन टाकू नकोस

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन पानं ऑपरेशनची, किमोची, रिपोर्टांची, आणि अगदी शेवटी ता. क. घालून एकच ओळ: "मावशी, ट्रेकची सॅक आणि बूट धाकट्या भावाला देऊन टाकू का?" पहिल्या तीन पानांना उत्तर द्यायला तुझे डॉक्टर आहेत. मी त्या शेवटच्या ओळीपुरतं लिहिते. देऊ नकोस. बूट तर मुळीच नको. ते त्याला दोन नंबर मोठे होतील.

माझ्या पोटावर पिशवी आली त्याला अकरा वर्षं झाली. गुदाशयाचा कर्करोग, कायमची कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं. तुझी इलिऑस्टॉमी, म्हणजे छोट्या आतड्याचं तोंड. त्या तोंडालाच स्टोमा म्हणतात. म्हणजे आपली दुखणी सख्खी नाहीत, चुलत आहेत. माझं मोठं आतडं बरंचसं शाबूत आहे, ते पाणी शोषून घेतं, त्यामुळे पिशवीत येतं ते घट्ट. तुझं पातळ, दिवसभर थोडं थोडं येत राहणारं, आणि त्यातल्या पाचक रसांमुळे कातडीला झोंबणारं. मी सांगेन त्यातलं काही तुला जसंच्या तसं लागू पडणार नाही. जिथे हा फरक जिवाशी येतो तिथे मी मुद्दाम थांबेन.

आधी माझी फजिती ऐक. ऑपरेशननंतर सात महिन्यांनी पहिल्यांदा गळ्यात दुर्बीण अडकवून पाणथळीवर गेले. पहाट, धुकं, सोबत जुने चौघं. बांधाआड उकिडवी बसून आम्ही पाणबगळ्याची वाट बघत होतो. उकिडवं बसलं की पोटाला घडी पडते आणि त्या घडीत, पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चिकट चकतीची कड हळूहळू सुटत जाते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आधी कडेला खाज आली, मग ऊब जाणवली, मग वास. मी "डोकं दुखतंय" म्हणून उठले आणि दुर्बिणीची पिशवी पोटाशी धरून एकटीच गाडीकडे चालत सुटले. गाडीत नवी पिशवी होती, नवी चकतीही होती. भोक पाडायला कात्री मात्र नव्हती. मागच्या सीटवर बसून नेलकटरने ती चकती कुरतडली. उंदराने केल्यासारखं भोक झालं, पण घरी पोचेपर्यंत टिकलं.

त्यानंतर तीन महिने मी दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. सदरा धुऊन अर्ध्या तासात स्वच्छ झाला होता, पण ते तीन महिने गेले ते गेलेच. म्हणून तुला सांगते, गळती होईल असंच धरून चाल. कधी, ते तुझ्या हातात नाही. झाल्यावर दहा मिनिटांत आवरून पुढे निघता येणं मात्र सरावाने जमतं, आणि तो सराव घरी करता येतो. न्हाणीघरात उभा राहा. आरसा झाकून टाक, नळाला हात लावू नकोस, जवळ फक्त अर्धा लिटर पाण्याची बाटली ठेव. आता पिशवी बदल. मला पहिल्या वेळी पंचवीस मिनिटं लागली होती आणि निम्मं पाणी पायावर सांडलं होतं. चौथ्या-पाचव्या वेळी हात आपोआप चालायला लागले. मग हेच अंगणात कर, मग अंधारात टॉर्च तोंडात धरून कर. हसशील, पण तंबूत रात्री दोन वाजता नेमकं हेच करायची वेळ येते.

कात्रीचा धडा मी शिकले, तो तू फुकटात घे. चकत्या घरीच कापून न्यायच्या. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं, जास्त नको, नाहीतर उघड्या राहिलेल्या कातडीची साल निघेल. पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत असतो, तेव्हा त्या काळात दहा चकत्या एकदम कापून ठेवू नकोस. दर वेळी माप घे. एका पुडीत दोन कापलेल्या चकत्या, पिशव्या, ओला आणि कोरडा फडका, हात साफ करायचं जेल, आणि घाण बांधून न्यायला जाड पिशव्या एवढं असलं की झालं. लोशन लावलेले सुगंधी वाइप्स घेऊ नकोस. कातडी तुकतुकीत होते आणि तिच्यावर चकती धरत नाही. सनस्क्रीनचंही तेच, पोटाच्या त्या भागाला लावायचं नाही. डासांचं मलम, त्यात डीट नावाचं रसायन असेल तर, पिशवीपासून लांबच ठेव, काही प्लास्टिकं त्याने विरघळतात. पुडी गाडीत विसरू नकोस, उन्हात चकतीचा चिकटपणा पाघळतो. उलट थंडीत ती चिकटतच नाही. तेव्हा लावण्याआधी पाच मिनिटं काखेत धरायची. गमतीशीर दिसतं खरं, पण काम होतं.

आता सॅक. तुझा खरा प्रश्न तोच आहे. तिचा कंबरपट्टा नेमका स्टोमावरून जातो, म्हणूनच तू द्यायला निघालास ना? एक गोष्ट लक्षात ठेव: स्टोमाला दुखत नाही. वेदना कळवणाऱ्या नसा त्याच्यात नसतात. पट्टा तासभर घासला, बकल रुतलं, तरी तुला कळणार नाही. कळेल ते चकती काढल्यावर. म्हणून दुखतंय का यावर विसंबू नकोस, डोळ्याने बघ. रिकामी सॅक चढव, पट्टा आवळ, घरातल्या घरात वीस मिनिटं चाल, जिने चढ-उतर कर, मग आरशासमोर सदरा वर कर. पट्ट्याचा वळ कुठे उमटलाय? स्टोमाच्या खाली उमटला असेल तर तू नशीबवान. वरून जात असेल तर पाठीची पट्टी दोन बोटं लांबव किंवा आखूड कर, पट्टा खाली-वर सरकतो. तेवढ्याने भागलं नाही तर जाड फोमचा तुकडा घे, मधोमध वाटीएवढं भोक कर आणि पट्ट्याच्या आतून शिवून टाक. पट्टा फोमवर टेकतो आणि स्टोमा त्या खळग्यात मोकळा राहतो. मी हेच केलं आहे. दुर्बिणीचा, कॅमेऱ्याचा, होडीतल्या लाइफ जॅकेटचा पट्टासुद्धा याच नजरेने तपासायचा.

पुसताना स्टोमातून थेंबभर रक्त आलं तर घाबरू नकोस, त्याचं अस्तर तोंडाच्या आतल्या कातडीसारखं नाजूक असतं. रंग मात्र रोज बघ. लाल, ओलसर असायला हवा. जांभळा किंवा काळपट दिसला तर ट्रेक सोड आणि सरळ हॉस्पिटल गाठ.

सॅक देऊ नकोस म्हटलं, ती उद्या भरून पाठीवर टाक असं म्हटलं नाही. पोटाच्या भिंतीला पाडलेल्या त्या वाटेशेजारून हर्निया होण्याची भीती आपल्याला आयुष्यभर असते. सुरुवातीचे दोन-तीन महिने तर जड काही उचलायचंच नाही. किती दिवस, किती किलो, ते तुझे सर्जन सांगतील आणि त्यांचंच खरं. उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडत सोडत उचलायचं. आधार देणारा पट्टा हवा का, ते स्टोमा नर्सला विचार. आणि तंबू दुसऱ्याच्या सॅकमध्ये जाऊ दे. इतकी वर्षं तूच वाहिलास.

आता पाणी. इथे मी थांबते, कारण इथे तुझं आणि माझं वेगळं आहे. धडधाकट माणसाचं मोठं आतडं दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी आणि त्याबरोबर मीठ परत अंगात घेतं. तुझं ते काम बंद आहे. साधारणपणे इलिऑस्टॉमीतून दिवसाला पाचशे ते आठशे मिलिलिटर बाहेर पडतं. चढावर घाम निथळला की त्यात भर. तहान लागली म्हणून तू नुसतं पाणी ढोसत राहिलास तर ते भसाभस पिशवीत उतरतं आणि उतरताना मीठही घेऊन जातं. जितकं पिशील तितका कोरडा पडशील. छोट्या आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागून पाणी जातं, म्हणून ओआरएस. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घालायचं, चवीसाठी कमी-जास्त नाही. घोट घोट, चालायला लागण्याआधीपासून. लघवी गडद आणि थोडी होणं, पिंडऱ्यांत गोळे, उभं राहताना भोवंड, यातलं काहीही दिसलं की सावलीत बस, पुढे जाऊ नकोस. पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर यायला लागलं तर डॉक्टरांना फोन. एरवी चार पावलं मागे राहिलास तरी मी तुला काही बोलणार नाही, पण यात हयगय केलीस तर ऐकून घ्यावं लागेल.

दुसरी धोक्याची खूण याच्या बरोबर उलटी आहे. चार-सहा तास काहीच आलं नाही, पोटात कळा येताहेत, मळमळतंय, तर कुठेतरी अडकलंय. मक्याचे दाणे, शेंगदाण्यासारखे टणक दाणे, मशरूम नीट न चावता गिळलं की असं होतं. ट्रेकवर माणूस घाईघाईत खातो, म्हणून सांगितलं. उलट्या सुरू झाल्या तर वाट बघायची नाही.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, निम्म्यापर्यंत जाऊ द्यायची नाही. जड पिशवी चकती ओढते. रानात ते इतरांसारखंच करायचं. पाण्यापासून साठ मीटर लांब, पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा, वर माती. वापरलेली पिशवी आणि चकती मात्र पुरायची नाही, जाळायची नाही. बांधून परत आणायची. उंचीवर गेलास की हवेचा दाब कमी होतो आणि पिशवी फुग्यासारखी फुगते. तिच्यात काही बिघाड नसतो. हवा सोडायची, झालं.

पोहण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारशील. स्टोमात पाणी शिरत नाही. पिशवी पाण्यात टिकते. नवी चकती लावल्यावर लगेच मात्र उडी मारायची नाही, तासभर जाऊ दे. पिशवीवर गॅस बाहेर सोडणारा फिल्टर असतो, त्यावर त्याचं स्टिकर लाव, तो भिजला की कामातून जातो. आधी घरी टबात बसून बघ.

बोटांना गार वस्तू लागली की झिणझिण्या येतात असं लिहिलंयस. ते ऑक्झॅलिप्लॅटिनचं, म्हणजे किमोतल्या औषधाचं, देणं आहे. थंडीतल्या पहाटे हातमोजे घाल, बाटली कापडात गुंडाळून धर. तळपायाला बधिरपणा असेल तर दगडांच्या वाटेवर पायाचा भरवसा धरू नकोस. काठी घे, पाऊल बघून टाक. माझ्या मते सुरुवातीला पिशवीपेक्षा हाच धोका मोठा असतो, पण सगळ्यांचं लक्ष पिशवीकडे.

सोबतीतल्या एकाला तरी सांग. सगळ्यांना नको. मी त्या पहाटे डोकं दुखतंय म्हणाले नसते तर कात्री तिथेच मिळाली असती. चौघांपैकी एकीच्या सॅकमध्ये होती, हे मला नंतर कळलं. आता आमच्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. स्टोमाला झडप नसते, आवाज आपल्या हातात नसतो, आणि तो नेमका पक्षी जवळ आल्यावरच बोलतो. गेल्या थंडीत खंड्या समोरच्या फांदीवर बसला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि माझ्या पोटातून लांबलचक गुरगुर. खंड्या भुर्र. एक जण शांतपणे वहीत काहीतरी लिहीत होता. मी डोकावले. खंड्याच्या खाली त्याने नोंद केली होती: "अज्ञात, आवाजावरून."

लोक तुला रॉब हिलचं नाव सांगतील. कॅनडाचा गिर्यारोहक, क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या आजारात मोठं आतडं गेलेलं, इलिऑस्टॉमी घेऊन २०१० साली एव्हरेस्टवर उभा राहिला. खरं आहे, आणि थोर आहे. पण मला असल्या गोष्टींचा जरा कंटाळा येतो. त्या ऐकल्यावर घरामागची टेकडी चढून आलेल्या माणसाला उगाच ओशाळल्यासारखं होतं. मला त्यापेक्षा एलिसे सोरेनसेन जवळची वाटते. ही डेन्मार्कची नर्स. तिची बहीण थोरा ऑपरेशननंतर चारचौघांत जायला घाबरायची, गळती होईल म्हणून. तेव्हा १९५४ साली एलिसेने कातडीला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी सुचवली. तुझ्या-माझ्या पोटावर आहे ती तिचीच नात-पणती. बहिणीला घराबाहेर पडता यावं एवढ्याच साठी तो खटाटोप होता.

सर्जननी चालायला हरकत नाही असं लिहून दिलंय ना? मग येत्या शनिवारी पहाटे साडेपाचला पाणथळीवर ये. वाट सपाट आहे, जाऊन-येऊन तीन किलोमीटर, वाटेत दोनदा बसायला जागा. ओआरएसची बाटली आणि तुझी पुडी आण. सॅकही आण, पण रिकामी. फोम माझ्याकडे उरलाय, दाभण आणि दोराही आहे. बांधावर बसून पट्टा शिवू. कात्री मी आणतेच, आता दोन असतात माझ्याकडे.

तुझी,
मावशी