काकडीत नुसतं पाणीच असतं, मग ती खाऊन खरंच काही फायदा होतो का? आणि सॅलडशिवाय ती कशात वापरावी?

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं हे खरं, पण तोच तिचा मोठा गुण आहे. १०० ग्रॅममध्ये जेमतेम १५ कॅलरी, त्यामुळे पोट भरतं आणि वजनाची चिंता राहत नाही. थोडं पोटॅशियम आणि 'के' जीवनसत्त्वही मिळतं. कृपा करून साल काढून टाकू नका! तंतू आणि 'के' जीवनसत्त्व सालीतच जास्त असतं. नीट धुऊन सालासकट खा. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफॅरिन घेत असाल, तर मात्र काकडीचं रोजचं प्रमाण अचानक वाढवू नका.

स्वयंपाकात खरी अडचण पाणी सुटण्याची. किसलेल्या काकडीला मीठ लावून १५-२० मिनिटं ठेवा, मग घट्ट पिळा आणि दह्यात मिसळा. दही पातळ होत नाही. पिळलेलं पाणी फेकू नका, कणीक भिजवायला वापरा. फक्त त्यात मीठ आहे हे लक्षात ठेवा. जून काकडीच्या बिया काढून फोडी तेलावर परतल्या तरी छान लागतात, हे फार कमी लोक करून बघतात.

चिरण्याआधी देठाकडचा तुकडा चाखायचाच. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या नैसर्गिक घटकामुळे येतो आणि तो देठाजवळ जास्त असतो. काकडी फारच कडू लागली तर ती खाऊ नका, पोट बिघडू शकतं.