वाचकांचे प्रश्न: जुन्या सीडी प्लेअरमध्ये ऑप-अँप आणि कपॅसिटर बदलून आवाज सुधारतो का?

प्रश्न (वाचक, गिरगाव): नमस्कार. बाबांनी घेतलेला सीडी प्लेअर अजून घरी आहे, पंचवीस वर्षांच्या वरचा असेल. मी बहुतेक शास्त्रीय गाणंच ऐकतो. हल्ली आवाज दबल्यासारखा वाटतो, खर्जात दम राहिला नाही, आणि मधूनच सीडी अडकते. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात म्हणाले की आतले ऑप-अँप बदला, कपॅसिटर भारीतले टाका, प्लेअर नवा होईल. खरंच एवढा फरक पडतो का? सोल्डरिंग मला जमतं.

उत्तर: फरक पडतो, पण तुमच्या केसमध्ये ऑप-अँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारी छोटी चिप) सगळ्यात शेवटी. तुम्ही लिहिलंय ती लक्षणं दुरुस्तीची आहेत, अपग्रेडची नाहीत, आणि दुरुस्ती न करता महागडे पार्ट टाकले तर पैसे पाण्यात जातील.

सीडी अडकते ते आधी बघा. मुंबईची दमट हवा, धूळ, स्वयंपाकघरातून येणारा तेलकट वाफारा, या सगळ्याचा थर लेन्सवर बसतो. कापसाच्या इयरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावून लेन्स हलक्या हाताने पुसा, दाबू नका, ती बारीक स्प्रिंगांवर तरंगत असते. लेन्स ज्या दांड्यांवर सरकते तिथलं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, ते पुसून नवीन लावा. आणि झाकण उघडं ठेवून प्लेअर चालू असताना लेन्समध्ये कधीच डोकावू नका, सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा म्हणजे इन्फ्रारेड असतो, डोळ्याला नीट दिसत नाही पण इजा होते. एक सांगतो, सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि गाण्यांची यादी अगदी आतल्या कडेला असते, त्यामुळे यादीच येत नसेल तर बहुतेक वेळा लेन्स किंवा लेझरचा प्रॉब्लेम, आणि यादी येऊन शेवटची गाणीच अडकत असतील तर दांड्या, ग्रीस किंवा सीडीच्या कडेवरचे ओरखडे बघायचे.

आता आवाज. खरी मजा पॉवर सप्लायमध्ये आहे आणि तिकडेच लोक बघत नाहीत. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून सोडणारा पार्ट; त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक प्रकाराच्या आत ओलसर द्रव असतं, ते वर्षानुवर्षं हळूहळू सुकतं, आणि तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. प्लेअर अँपच्या (अँप्लिफायरच्या) डोक्यावर ठेवला असेल, वर क्रोशाचा रुमाल घातला असेल, तर आत किती तापत असेल विचार करा. कपॅसिटर सुकला की सप्लाय गुळगुळीत राहत नाही, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचा रेक्टिफायरनंतर (एसीची डीसी करणारा भाग) १०० हर्ट्झचा घुंघुं आवाज मागून यायला लागतो, आणि आवाजाच्या वाटेतले कपॅसिटर सुकले की खर्ज पातळ होतो. तानपुऱ्याची जवारी ऐका, षड्जाच्या खालचा तो भरीव गुंजारव नाहीसा होऊन नुसती वरची झणझण राहिली असेल तर कपॅसिटरवरच संशय घ्या.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालणारे घ्या, निगेटिव्हचा पट्टा बघून लावा. उलटा लावला की फुटतो. आधी प्लग काढा, मोठे कपॅसिटर डिस्चार्ज करा (त्यांच्यात साठलेली वीज काढून टाका), आणि काम सुरू करण्याआधी मोबाईलवर बोर्डाचे फोटो काढून ठेवा.

आउटपुटच्या वाटेतल्या कपॅसिटरच्या जागी पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर टाकायचा मोह होईल, तो चांगलाच असतो पण आकाराने मोठा, बोर्डावर जागा बघा. अँपचा इनपुट ४७ किलोओमचा असेल तर २.२ मायक्रोफॅरडसुद्धा पुरतो, ०.१ टाकलात तर ३४ हर्ट्झच्या आसपासच खर्ज उतरायला लागेल. काही लोक हा कपॅसिटर काढून सरळ तार जोडायला सांगतात. ते मीटरने डीसी मोजल्याशिवाय अजिबात करू नका. काही प्लेअरमध्ये त्या जागी सप्लायच्या निम्मा डीसी असतो, तो थेट अँपमध्ये जाईल आणि पुढे स्पीकरपर्यंत पोचू शकतो.

एवढं सगळं झालं, प्लेअर नीट वाजला, मग ऑप-अँप. बोर्डावर एनई५५३२ किंवा तसाच आठ पायांचा ड्युअल (एका चिपमध्ये दोन) ऑप-अँप असेल तर ओपीए२१३४ त्याच पायांवर बसतो. चिप सरळ सोल्डर न करता आठ पायांचं सॉकेट लावा, म्हणजे परत जुनी लावून ऐकता येतं. सिंगल ऑप-अँप असेल तर पाय वेगळे असतात, तिथे ड्युअल ठोकू नका. फार वेगवान चिप लावलीत तर ती ऑसिलेट करू शकते (आपोआप कंप पावू लागते), चिप गरम लागते, आवाज खरखरतो, म्हणून सप्लायच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर हवेतच. आणि बाजारात नवीन शिक्का मारलेल्या नकली चिपा खूप फिरतात, खात्रीच्या दुकानातूनच घ्या, दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर एनई५५३२ स्वतः वाईट नाही, ऑप-अँपने पडणारा फरक बारीक असतो, कपॅसिटरने पडणारा सहज ऐकू येतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीच सीडी, तेच गाणं, व्हॉल्यूम तेवढाच ठेवून ऐका. थोडासा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो.

प्रश्न (वाचक, मुलुंड): माझ्या प्लेअरमध्ये नवीन क्लॉक बसवायचं म्हणतोय, बरेच जण सांगतात. करू का?

उत्तर: आत्ता नको. क्लॉक म्हणजे प्लेअरच्या डिजिटल भागाला ठेका देणारं सर्किट, आणि तो ठेका क्रिस्टल धरतो. प्लेअरचा मूळ क्रिस्टल, समजा १६.९३४४ मेगाहर्ट्झचा (म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या बरोबर ३८४ पट), नीट चालत असेल तर नुसता वेगळा क्लॉक टाकून मोठा बदल ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि लांब तार ओढून, सप्लाय स्वच्छ न करता जोडलात तर आधीपेक्षा वाईट होईल. अजूनही करावंसं वाटलं तर आधी त्याला वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा पार्ट) द्या, तार जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा, आणि जुना क्रिस्टल फेकू नका, डबीत जपून ठेवा.