बाबांचा सैन्य क्रमांक पाठ कर

खटाव तालुक्यातून एका मुलीचं पत्र आलंय. थोडक्यात असं: वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. ती पाच वर्षांची असताना काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत त्यांना वीरमरण आलं. यंदा ती बारावी झाली. एकूण ७४ टक्के, गणितात मात्र ९३. तिला बी.एस्सी. करून गणितच शिकायचंय. काका म्हणतात, इंजिनिअरिंग कर, पंतप्रधान शिष्यवृत्ती त्यालाच मिळते. गावातली माणसं म्हणतात, शहिदाच्या पोरांना सगळं फुकट असतं. आणि एका कॉलेजच्या खिडकीवर तिला सांगितलं, फी पूर्ण भरा, मग बघू. शेवटी तिने लिहिलंय, "बाबांच्या नावावर पैसे मागायची मला लाज वाटते. आईलाही वाटत असणार, ती बोलत नाही."

बाळ, तुझ्या या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण ते मनातून गेलं नाही तर पुढचा एकही अर्ज तू धड भरणार नाहीस.

तू मागते आहेस ती मदत नाही. १९७१चं युद्ध संपलं तेव्हा देशाने शब्द दिला की लढाईत गेलेल्या, बेपत्ता झालेल्या आणि कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचं शिक्षण सरकार करेल. १९७२पासून ही शैक्षणिक सवलत चालू आहे. २०१७ मध्ये तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. तेव्हा फौजेतून विरोध झाला, त्या वेळचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा उठवली गेली. म्हणजे तुझ्या फीच्या पावतीसाठी एक नौदलप्रमुख भांडले आहेत. तू त्या खिडकीवर मान खाली घालून उभी राहायचं काहीच कारण नाही.

आता काकांच्या म्हणण्याकडे येते. ते चुकीचं बोलत नाहीत, पण दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळतायत.

एक आहे ती ही शैक्षणिक सवलत. तीत ट्यूशन फी आणि वसतिगृहाचा खर्च भरून मिळतो, शिवाय पुस्तकं-वह्यांसाठी ठरावीक रक्कम. ती शाळेपासून पहिल्या पदवीपर्यंत चालते. पदवी इंजिनिअरिंगचीच हवी असं तिथे नाही. सरकारमान्य कॉलेजातलं बी.एस्सी. गणितही त्यात बसतं. तुझे बाबा ज्या प्रकारच्या कारवाईत गेले, त्या घुसखोरी-दहशतवादविरोधी कारवायाही तिच्यात येतात.

दुसरी ती पंतप्रधान शिष्यवृत्ती. केंद्रीय सैनिक बोर्डाची, २००६-०७ पासूनची. मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये, देशभरात वर्षाला ५,५०० विद्यार्थ्यांना. बारावीला किमान ६० टक्के लागतात, ते तुझ्याकडे आहेत. पण ती फक्त व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे: इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, बीबीए, बीसीए, बी.एड. अशा. साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तिच्यात नाही. काकांनी हीच अट कुठेतरी वाचली असणार.

मग हिशेब मांडू. इंजिनिअरिंगला गेलीस तर या शिष्यवृत्तीचे वर्षाला ३६,०००, चार वर्षांत १,४४,००० रुपये. पैसा थोडा नाही, आणि काकांना तो दिसतो यात त्यांचं प्रेमच आहे. पण तेवढ्यासाठी आवडत नसलेल्या विषयात चार वर्षं काढायची? तू लिहिलंयस की संध्याकाळी वाडीतल्या सातवी-आठवीच्या पोरांना ओट्यावर बसवून गणित शिकवतेस आणि "त्यांना कळलं की मला झोप चांगली लागते". असं वाक्य लिहिणाऱ्या मुलीला मी इंजिनिअरिंगला जा म्हणून सांगणार नाही.

आणि ही शिष्यवृत्तीही हातची जात नाही. ती पहिल्या व्यावसायिक पदवीसाठी असते, आणि बी.एस्सी. व्यावसायिक पदवीत मोजत नाहीत. म्हणून बी.एस्सी.ला ६० टक्क्यांच्या वर राहिलीस आणि मग बी.एड.ला गेलीस, किंवा मन बदललं आणि एमसीए केलंस, तर तेव्हा अर्ज करता येतो. काकांना हे सांग. बहुतेकांना ही गोष्ट माहीतच नसते, आणि पोरं नको त्या कोर्सला जाऊन बसतात. एकच काळजी घ्यायची: अर्ज पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की त्याच वर्षी करायचा. दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही. मिळाल्यावरही दर वर्षी ५० टक्के गुण टिकवावे लागतात.

गणिताचं पुढे काय, असं घरात विचारतील. एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा आहे, संख्याशास्त्र आहे, विमा कंपन्यांत ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखमीचा हिशेब मांडण्याचं काम आहे, आणि तुझ्या ओट्यावरची शाळा मोठी करायची तर चांगल्या गणितशिक्षकाला आजही कुठेच कामाचा तोटा नाही. साताऱ्यात रयतचं यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, घरापासून फार लांब नाही. पुण्याला गेलीस तर गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान एकदा बघून ये. नुसत्या गणितासाठी उभी राहिलेली संस्था आपल्याकडे आहे हे कळलं की धीर येतो.

आता कागद. खरं काम इथेच आहे.

"शहीद" हा शब्द गावात, कमानीवर, दरवर्षीच्या कार्यक्रमात असतो. सैन्याच्या कागदात तो नसतो. तिथे असतं "बॅटल कॅज्युअल्टी" किंवा "फिजिकल कॅज्युअल्टी". चकमकीत, सीमेवरच्या गोळीबारात, कारवाईत गेलेला पहिल्यात. रजेवर असताना अपघातात किंवा आजाराने गेलेला दुसऱ्यात. तुझी फी भरून मिळणार की नाही, हे या एका शब्दावर ठरतं.

तू लिहिलंयस की बाबांची काळी लोखंडी पेटी माजघरात आहे, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आणि आई ती दिवाळीला पुसते पण उघडत नाही. आईला विचारून, तिच्याच हाताने ती उघडा. त्यात नाही तर बँकेच्या पासबुकासोबत ठेवलेला पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, सापडेल. त्यात कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रकार लिहिलेला असतो. "लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन" असेल तर निश्चिंत हो. "स्पेशल" असेल तर मृत्यू सेवेमुळे झाला असं मानलंय, पण लढाईतला नाही. "ऑर्डिनरी" असेल तर घाबरू नकोस, मात्र लगेच चौकशी कर, कारण तुझ्या वर्णनाशी ते जुळत नाही. पीपीओ सापडलाच नाही तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री अभिलेख कार्यालयाला आईच्या सहीचं पत्र पाठवायचं.

दुसरं, तुझं नाव. बाबांच्या सैन्यातल्या नोंदींत मुलांची नावं आणि जन्मतारखा असतात. त्या तुझ्या दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळायला हव्यात. माझ्याकडे एक मुलगा आला होता. वडील गेले तेव्हा तो अठरा दिवसांचा, बारसंही झालेलं नव्हतं. नोंदीत त्याचं नाव नुसतं "बेबी". अठरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी आलं, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याचं एक वर्ष गेलं. त्याची आई माझ्यासमोर बसून म्हणत होती, "मी बघायला पाहिजे होतं हो." नवरा जाऊन अठरा दिवस झालेल्या बाईने काय काय बघायचं असतं? तुझ्या आईवर ती पाळी येऊ नये म्हणून सांगते, हे आधी तपास.

मग साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आईला बरोबर घेऊनच जा, कारण बऱ्याच सह्या तिच्या लागतात आणि वीरपत्नी म्हणून तिचं ओळखपत्र तिथलंच असतं. पीपीओ, तुझं दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, आधार आणि आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक, सगळ्याच्या तीन-तीन प्रती ने. शैक्षणिक सवलतीचा अर्ज कसा, कुठून पुढे जातो ते त्यांना माहीत असतं. सैनिक कल्याण विभागाची मुलामुलींची वसतिगृहं बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत, तिथल्या जागेचंही त्याच फेरीत विचार.

पैसे आधी भरावे लागतात आणि नंतर परत मिळतात, हे मात्र खरं आहे. खिडकीवरचा माणूस त्या अर्थाने खोटं बोलला नाही. म्हणून खिडकीवर वाद घालू नकोस. सैनिक कल्याण कार्यालयाकडून पत्र घे आणि थेट प्राचार्यांना भेटून हप्ते मागून घे. अनुदानित कॉलेजात बी.एस्सी.ची फी तशीही इंजिनिअरिंगसारखी अंगावर येत नाही. फीची प्रत्येक पावती जपायची, वर्ष संपलं की निकालासकट मागणी करायची, आणि हे दर वर्षी. कंटाळा येईल. तरी करायचं.

हे उत्तर इतरही वाचतील म्हणून दोन वाक्यं. वडील सेवेत असताना गेले पण लढाईत नाही, तर फीची ही सवलत मिळत नाही, मात्र मृत्यू सेवेमुळे झाला असं मानलं असेल तर पंतप्रधान शिष्यवृत्तीच्या प्राधान्यक्रमात तुम्हाला वरची जागा आहे. आणि वडील सीआरपीएफ, बीएसएफ अशा दलांत होते, तर तुमच्यासाठी त्याच नावाची वेगळी योजना गृह मंत्रालयाची आहे, सैनिक कार्यालयात खेटे घालू नका.

काकांना माझ्याकडून एवढं सांग की इंजिनिअरिंगला सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागाही आहेत, आणि तुला खरोखर तिकडे जायचं असतं तर मीच तुला त्या प्रमाणपत्रासाठी पिटाळलं असतं.

एक शेवटचं काम. बाबांचा सैन्य क्रमांक पाठ कर. प्रत्येक अर्जावर, प्रत्येक टेबलावर तो पहिल्यांदा विचारतात, आणि आईला दर वेळी पिशवीतून कागद काढून तो वाचावा लागतो. यापुढे तो तू सांग. पेटी उघडलीत की पीपीओवर काय लिहिलंय ते मला कळव, त्याप्रमाणे पुढचं पत्र लिहिते.