‘ते आमो’ न म्हणणारा नवरा

परदेशी जोडीदाराशी संसार करणाऱ्या मराठी मुली समुपदेशनाला आल्या, की ‘त्याचं माझ्यावर खरंच प्रेम आहे का?’ हा प्रश्न हमखास निघतो. मूळची पुण्याची आणि आता माद्रिदमध्ये राहणारी एक तरुणी ऑनलाइन भेटीत हाच प्रश्न घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिचा स्पॅनिश नवरा रोज ‘ते किएरो’ म्हणे, पण ‘ते आमो’ (‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’) एकदाही म्हणाला नव्हता. मोबाइलवरच्या भाषांतराने ‘ते किएरो’चा अर्थ ‘मला तू हवी आहेस’ असा दाखवला होता, आणि ऑफिसातल्या मेक्सिकन मैत्रिणीने ‘खरं प्रेम असेल तर आमोच म्हणतात’ असे सांगितल्यावर तिची झोपच उडाली होती.

मैत्रिणीचे म्हणणे तिच्या देशापुरते बरोबर होते. मेक्सिकोत जोडीदाराला, पुष्कळदा आईला आणि मुलांनाही ‘ते आमो’ म्हणतात. ‘ते किएरो’ तेथे मैत्रीतही चालते. स्पेनमध्ये मात्र बोलताना ‘ते आमो’ अनेकांना जड, नाटकी वाटते, आणि नवरा-बायकोपासून आजी-नातवंडांपर्यंत रोजची माया ‘ते किएरो’मध्येच व्यक्त होते. ‘किएरो’ हे ज्याचे रूप, त्या ‘केरेर’ या क्रियापदाचे हवे असणे आणि प्रेम करणे असे दोन्ही अर्थ आहेत. माणसाला उद्देशून ते येते तेव्हा सहसा प्रेमाचाच अर्थ अभिप्रेत असतो. इंग्रजीत ‘आय लव्ह यू’ हे एकच वाक्य सर्व नात्यांना पुरते, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने पाहणाऱ्याला स्पॅनिशमधले ‘ते किएरो’ उगीचच खालच्या पायरीवरचे वाटते.

हे सांगून थांबण्यापेक्षा, तो घरच्यांशी फोनवर कसा बोलतो ते लक्ष देऊन ऐकायला मी तिला सुचवले. पुढच्या भेटीत ती अधिकच खट्टू होती: आजीला तो ‘ते किएरो मूचो’, म्हणजे ‘खूप’ म्हणाला होता, आणि तिच्या वाट्याला नुसतेच ‘ते किएरो’ आले होते. खरे तर हा ‘मूचो’ बहुतेक वेळा आप्त आणि मित्रांसाठी असतो. जोडीदाराला उद्देशून त्याविना म्हटलेले ‘ते किएरो’ अधिक उत्कट मानले जाते. हे कळल्यावर ती कितीतरी वेळ बोललीच नाही.

मला महत्त्वाची वाटली ती आणखी एक गोष्ट. दोघे आपसांत इंग्रजी बोलत, म्हणजे दोघांनाही प्रेमाचे शब्द परक्या भाषेत शोधावे लागत होते. तिच्या माहेरी असे वाक्य कोणी कोणाला म्हटलेले नव्हते, त्यामुळे ‘आय लव्ह यू’ तिलाही इंग्रजीतूनच मिळाले होते, तर त्याला ते इंग्रजीत सहज म्हणता येई आणि म्हणूनच त्याच्या लेखी त्याचे वजन कमी होते.

राहता राहिले तो तिला ज्या नावाने हाक मारी ते ‘गोर्दी’, म्हणजे ‘जाडुली’. स्पेनमध्ये सडपातळ बायकोलाही लाडाने असे म्हणतात, हे खरे. पण लहानपणापासून अंगकाठीवरून टोमणे ऐकलेल्या मुलीने ते केवळ तिथली रीत म्हणून सोसावे, असे मला मुळीच वाटत नाही. प्रेमाच्या शब्दाने जिला दुखते, तिने तसे स्पष्ट सांगावे. तिने ते सांगितले, आणि आता तो तिला ‘कारी’ (‘लाडके’ अशा अर्थाच्या ‘कारिन्यो’चे लघुरूप) म्हणतो. ‘ते आमो’ तो अजूनही म्हणत नाही, आणि तिनेही ते मागणे सोडले आहे.