प्लग-इन हायब्रीड घ्याची म्हणतं? मंग हे आयक

भाऊ, प्लग-इन हायब्रीड म्हंजे पेट्रोलचं इंजिन अन् वायर लावून चार्ज कराची बॅटरी, दोनी असलेली गाडी. पयले पेट्रोलच्या गाड्यायवर बंदी येनार, हे भूत डोक्यातून काढ. ब्रिटनमध्ये २०३० पासून नव्या निव्वळ पेट्रोल-डिझेल कारची विक्री बंद होनार, पन प्लग-इनले तिथंई २०३५ पर्यंत सूट हाये, अन् बंदी नव्या गाडीच्या विक्रीवर हाये, दारातली गाडी कोनी उचलून नेत नाही. आपल्या देशात तं असा कायदाच नाही.

दुसरं, शोरूमवाले हायब्रीड हायब्रीड करतेत ना, ग्रँड विटारा, हायक्रॉस, त्याले वायर लावाच लागत नाही, बॅटरी चालता चालता भरते. प्लग-इन वेगळी, अन् आपल्याकडं ती महागड्या गाड्यायतच भेटते.

घेतलीच तं आधी घरची अर्थिंग तपास, १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढ, शेतातल्या पंपाच्या लाइनवर तं अजिबात लावू नको, व्होल्टेज इतकं खालीवर होते का चार्जर मधातच बंद पडते. मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडी निंबाखाली ठेवत जाजो, उन्हानं बॅटरी लवकर म्हातारी होते. अन् नुसती करंटवरच पळवू नको, टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने पडून खराब होते, मधामधात इंजिन चालू देत जा.

रोज चार्ज करनं जमत नसन तं घेऊच नको बाप्पा, एवढ्या बॅटरीचं वजन फुकट वाहाचं, त्यापेक्षा साधी हायब्रीड बरी.